पावलीचं फिरणं, रुपयाचं तापणं

“ताई, नमस्कार. नोव्हेंबरात निवृत्त झालो आणि त्याच सुमारास पत्नीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे घरचं धुणं माझ्याकडे आलं. आम्ही पाच जण: आम्ही दोघं, मुलगा, सून आणि चार वर्षांचा नातू. दिवाळीत जुनं सेमी ऑटोमॅटिक मशीन काढून सात किलोचं फ्रंट लोड घेतलं आणि तेव्हापासून विजेचं बिल फुगलंय. ऑक्टोबरात १५२ युनिट होते, ते जानेवारीत २१४ झाले. (मागच्या जानेवारीत १८६ होते.) सूनबाईने नातवाच्या कपड्यांसाठी म्हणून ‘कॉटन, ६० अंश’ लावायला शिकवलंय, तेवढंच मी रोज सकाळी लावतो. पत्नी म्हणते, बंद करा ते मशीन, मी बसून हाताने धुते. मुलगा म्हणतो, मशीनने बिल वाढत नसतं, उलट पावसाळ्याआधी ड्रायर घेऊन टाकू. शिवाय सोसायटीला बोअरचं पाणी, त्यामुळे पावडरही जास्त संपते. नक्की चुकतंय कोणाचं?
— मीटरवाचक, नाशिक”

नमस्कार.

तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा आकडा तुम्ही कंसात टाकून दिलाय. ऑक्टोबर आणि जानेवारीची तुलना करून मशीनवर ६२ युनिटांचा आळ घेतलात, पण मधे नाशिकची थंडी आली हे विसरलात. गेल्या वर्षी हे मशीन घरात नव्हतं, तरी जानेवारीत १८६ युनिट पडलेच होते. तो वाढीव भार बहुतेक गीझरचा. तुलना करायची तर जानेवारीची जानेवारीशीच करायची. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, तो यासाठीच. म्हणजे तुमच्या मशीनच्या खात्यावर येतात २१४ वजा १८६, फक्त २८ युनिट. अर्थात दर महिन्याला २८ युनिट हेही काही कमी नाहीत, आणि ते कुठे जातात हे नेमकं सांगता येतं.

तुम्ही आकड्यांचे माणूस दिसता, म्हणून हिशेबच मांडते. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि ८६० किलोकॅलरी म्हणजे विजेचं एक युनिट. फ्रंट लोडमध्ये मुख्य धुण्याला साधारण १५ लिटर पाणी येतं. जानेवारीत टाकीचं पाणी २० अंशांचं धरलं तर ते ६० अंशांवर न्यायला १५ गुणिले ४०, म्हणजे ६०० किलोकॅलरी, म्हणजेच ०.७ युनिट. पाण्याबरोबर कपडे आणि स्टीलचा ड्रमही तापतो, ते धरून पाऊण युनिट म्हणू. आणि ड्रम तासभर गरागरा फिरवणं, पाणी उपसणं, शेवटी कपडे पिळणं, या सगळ्याला मिळून ०.२ युनिटच्या आसपास. एका धुण्याचे झाले ०.९५ आणि महिन्याचे तीस दिवस धरले तर साडेअठ्ठावीस. तुमच्या बिलाशी जवळपास जुळलं.

म्हणजे फिरण्याला पावली आणि तापण्याला रुपया, असा हा भाव आहे. मशीनने बिल वाढत नसतं हे मुलाचं म्हणणं पावलीपुरतं खरं आणि वाढतंय हे तुमचं म्हणणं रुपयापुरतं.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, मीटरवर ठेवा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हे त्याच्याशेजारी छापलेलं असतं. तुमच्या मीटरवर ३२०० असेल असं धरते. एखाद्या सकाळी अर्धा तास फ्रीज, पंखे, दिवे बंद करा, नेहमीचं ६० अंशांचं धुणं लावा आणि मीटरपाशी उभे राहा. मशीनमधला हीटर साधारण दोन हजार वॉटचा असतो. तो चालू झाला की दिवा सेकंदाला जवळजवळ दोनदा लुकलुकेल, मोजता मोजता तारांबळ उडेल. हीटर बंद होऊन नुसता ड्रम फिरायला लागला की पाच-सहा सेकंदांनी एकदा, तेही आळसावून. मुलाला आणि सूनबाईंना बरोबर उभं करा. घरातला निम्मा वाद तिथेच मिटेल.

आता यावर उपाय. तापमानाचं बटण ६० वरून ‘कोल्ड’वर किंवा फार तर ३० वर आणा. आपल्याकडे ‘कोल्ड’ म्हणजे नळाचं पाणी आणि नाशिकला एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी हात लावला तर दचकायला होईल असं असतं. युरोपातल्या बेसमेंटमधलं बर्फगार पाणी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले प्रोग्रॅम आपण आहेत तसे का चालवावेत? हल्लीच्या बऱ्याच डिटर्जंटमध्ये एन्झाइम असतात आणि ती कोमट पाण्यातही डाग तोडतात. रोजचे घामाचे शर्ट, घरातले गाऊन, पँट, चादरी यांना एवढं पुरतं. थंड पाण्यात पावडर विरघळत नाही असं वाटलं तर ती आधी मगभर पाण्यात कालवून ओता किंवा थंडीपुरतं लिक्विड वापरा.

सूनबाईंचं सगळंच चुकतंय असं मात्र मी म्हणणार नाही. ६० अंशांचा उपयोग असतो. घरात कोणाला जुलाब-उलट्या झाल्या, नातवाने गादी ओली केली, कोणाला त्वचेचा बुरशीचा त्रास आहे, तर ते कपडे गरम पाण्यातच गेले पाहिजेत. उशांचे अभ्रे, पांघरुणं यांतले धुळीतले सूक्ष्म किडेही त्या तापमानाला मरतात, त्यामुळे घरात दमा किंवा सर्दीची ॲलर्जी असेल तर महिन्यातून दोनदा अंथरुणं गरम धुवा. आणि महिन्यातून एकदा रिकामं मशीन गरम पाण्यावर चालवायचंच, नाही तर सतत थंड धुण्याने ड्रमला आणि दाराच्या रबराला कुबट वास धरतो. आजारपणाचं एखादं धरलं तरी एकूण चार गरम धुणी झाली. बाकीच्यांना गरज नाही.

सूनबाईंना हे कसं सांगायचं, हा तुम्ही न विचारलेला प्रश्न आहे. ‘बिल वाढतंय’ म्हणून सांगाल तर नातवाच्या आरोग्यापुढे तुमचा चिक्कूपणा उघडा पडेल. त्यापेक्षा डागांची गोष्ट काढा, कारण मुलांचे बरेच डाग गरम पाण्याने जात नाहीत, पक्के होतात. दूध, अंडं, रक्त ही प्रथिनं, ती उष्णतेने धाग्यात शिजून बसतात. असा डाग आधी थंड पाण्यात चोळायचा आणि मग मशीनमध्ये टाकायचा. तूप-तेलाच्या डागावर भांड्यांच्या लिक्विडचा थेंब चोळून दहा मिनिटं ठेवायचा. वरण-भाताच्या हळदीचं तर वेगळंच आहे. साबण लागला की तो डाग लालभडक होतो आणि माणूस घाबरून आणखी कढत पाणी ओततो. काही करू नका, धुवून ओला असतानाच कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, दोन-तीन उन्हांत उडतो. तुमच्या गच्चीवर फुकट मिळणारं हे सगळ्यात चांगलं ब्लीच. (रंगीत कपडे मात्र उलटे करून वाळत घाला, नाही तर हळदीबरोबर शर्टही उडायचा.)

दुसरी गोष्ट, रोज धुणं लावणं. पाच माणसांचे रोजचे कपडे भरतात अडीच-तीन किलो. अर्ध्या ड्रमसाठी मशीन पाणी थोडं कमी घेतं हे खरं, पण वीज काही निम्मी होत नाही. एक दिवसाआड लावा. ड्रम भरल्यावर कपड्यांच्या वर आपला पंजा आडवा मावेल इतकी जागा राहिली की भरणं बरोबर. त्याहून कोंबलेत तर कपडे एकमेकांवर आपटत नाहीत आणि मळ निघत नाही. आणि सात किलो ही मर्यादा फक्त ‘कॉटन’ची असते. ‘क्विक’ आणि ‘सिंथेटिक’ची बरीच कमी असते, पुस्तिकेत कोष्टक असतं ते एकदा बघून घ्या.

‘इको’ नावाचा प्रोग्रॅम तीन तास चालतो म्हणून लोक त्याला हात लावत नाहीत. वेळ जास्त म्हणजे वीज जास्त, असं आपलं पंख्यावरून बसलेलं गणित. इथे ते लागू पडत नाही. तिथे पाणी कमी तापवून कपडे जास्त वेळ भिजत ठेवलेले असतात, म्हणजे बादलीत भिजवण्याचीच ती यांत्रिक आवृत्ती. उलट काही क्विक प्रोग्रॅम वेळ वाचवण्यासाठी आपणहून ४० अंशांवर जातात, तेव्हा त्यातलं तापमान एकदा तपासा.

आता वहिनींच्या हाताने धुण्याबद्दल. थंड पाण्यावर लावलेल्या धुण्याला ०.२ युनिट लागतं. तुम्ही १००च्या पुढच्या स्लॅबमध्ये आहात, तिथे पहिल्या १०० युनिटांच्या जवळजवळ दुप्पट दर लागतो. सगळे आकार आणि वीज शुल्क धरून युनिट १२ रुपयांच्या आसपास पडतं असं समजा, तुमच्या बिलावर ताडून बघा. म्हणजे हाताने धुऊन एका वेळचे वाचणार अडीच रुपये. त्यासाठी नुकतंच ऑपरेशन झालेल्या गुडघ्यांवर मोरीत बसायचं? शिवाय हाताने खळबळताना बादल्यांवर बादल्या पाणी जातं, ते तर मशीनपेक्षा जास्तच. हा विषय घरात पुन्हा निघू देऊ नका. वहिनींना काही करायचंच असेल तर कॉलरी-बाह्यांना ब्रश लावून द्यायचं काम खुर्चीवर बसूनही होतं आणि त्याने थंड धुणं खरोखर उजळतं.

बोअरच्या पाण्याचं दुखणं खरं आहे. जड पाण्याला पावडर थोडी जास्त लागते, पण किती जास्त ते पाकिटावर दिलेलं असतं, आणि माझा अनुभव असा की बहुतेक घरांत त्याच्याही दुप्पट पडते. आपल्याला फेस दिसल्याशिवाय धुतल्यासारखं वाटत नाही. फ्रंट लोडमध्ये कपडे वरून खाली आपटून स्वच्छ होतात, फेस झाला की तो गादीसारखा मधे येतो आणि काही मशीनं मग तो घालवायला आणखी एकदा पाणी घेतात. तपासायची सोपी रीत म्हणजे धुऊन वाळलेले दोन टॉवेल पावडर न घालता मशीनमध्ये टाका आणि नुसतं ‘रिन्स’ लावा. काचेवर फेस दिसला तर इतके दिवस तुम्ही पावडर कपड्यांतच साठवत होतात. टॉवेल पापडासारखे कडक होण्याचं एक कारण हेच. त्यावर सॉफ्टनर ओतू नका, त्याने टॉवेल मऊ होतो पण अंग पुसेनासा होतो.

पॉड्स, म्हणजे लिक्विड भरलेल्या विरघळणाऱ्या पुड्या, घेऊ नका. माप ठरलेलं, त्यामुळे अर्ध्या धुण्यालाही अख्खा पॉड जातो. फ्रंट लोडची, कमी फेसाची साधी पावडर आणि एक ठरलेला चमचा, एवढ्यावर महिन्याचा खर्च दिसण्याइतका उतरतो.

बोअरच्या पाण्याचा मोठा धोका हीटरला असतो. पाणी तापलं की त्यातला क्षार हीटरवर पांढरा थर होऊन बसतो, गीझरमध्ये बसतो तसाच. मग त्या थरातून उष्णता पाण्यापर्यंत पोचायला वेळ लागतो आणि एक दिवस हीटर जळतो. थंड धुण्यामुळे हा खर्चही लांबणीवर पडतो. दोन-तीन महिन्यांतून एकदा रिकाम्या मशीनमध्ये कंपनीची डिस्केलिंग पावडर टाकून गरम प्रोग्रॅम चालवा. एक सक्त सूचना: कुठलंही आम्लयुक्त क्लीनर आणि ब्लीच एकत्र घालायचं नाही, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

मशीनमधून बाहेर जाणारं पाणीही बघा. सुरुवातीचं साबणाचं पाणी सोडून दिलं तरी शेवटच्या एक-दोन खळबळण्यांचं पाणी बऱ्यापैकी नितळ असतं. ड्रेनचा पाइप मोठ्या टबमध्ये सोडलात तर संडासाला, बाल्कनी धुवायला, गाडी पुसायला ते चालतं. सेमी ऑटोमॅटिकवर आपल्या बायका हे आपसूक करायच्या. एकाच फेसाच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी, आणि उरलं ते मोरीला. नवं मशीन आलं आणि ही सवय गेली.

इस्त्रीचं तुम्ही विचारलेलं नाही, पण तिथेही उष्णताच आहे म्हणून दोन शब्द. हजार वॉटच्या इस्त्रीखाली एक शर्ट चार मिनिटं घेतो, म्हणजे ऐंशी पैशांची वीज. रोज एक शर्ट काढून इस्त्री तापवलीत तर तापवण्याचंच पदरात पडतं. आठवड्याची एकदाच बसून करा, आधी सुती, मग टेरिकॉट, आणि शेवटचे दोन रुमाल बटण बंद करून उरलेल्या उष्णतेवर. खालच्या इस्त्रीवाल्याला कपडे देत असाल तर ते बंद करा असं मी म्हणणार नाही, तो त्याच्या घामाचे पैसे घेतो, विजेचे नाही.

राहिला ड्रायर. इथे मी मुलाच्या विरोधात आहे. कपड्यातलं पाणी काढायच्या दोन रीती, पिळून काढणं आणि उडवून लावणं. पिळणं स्वस्त. मशीनचा शेवटचा स्पिन काही मिनिटांत लिटरच्या लिटर पाणी बाहेर फेकतो आणि त्याला युनिटचा विसावा-पंचविसावा भाग लागतो. उडवणं महाग, कारण एक लिटर पाण्याची वाफ करायला विजेचं पाऊण युनिटाच्या जरा आतबाहेर जातंच, ते हीटरवर चालणारा साधा ड्रायर बनवणाऱ्या कोणत्याही कंपनीला चुकवता येत नाही. पाच किलो कपडे स्पिननंतरही तीनेक लिटर पाणी धरून असतात. ते साध्या ड्रायरने उडवायला दोन युनिट तर भौतिकशास्त्रच घेतं, प्रत्यक्षात अडीच-तीन लागतात. एक दिवसाआड धरलं तर महिन्याला अडतीस ते पंचेचाळीस युनिट, म्हणजे पाचशे रुपयांच्या आसपास. थंड पाणी आणि एक दिवसाआड धुणं यांनी तुमचे वाचणार आहेत महिन्याला साधारण २२ युनिट, म्हणजे अडीचशेच्या आसपास. मुलाचा ड्रायर ते गिळून वर तेवढेच आणखी मागेल.

कोकणातल्या किंवा मुंबईच्या तळमजल्यावरच्या घरातून हे पत्र आलं असतं तर मी वेगळं बोलले असते. तिथे जुलैत कपडे चार-चार दिवस ओले राहतात, बुरशी येते आणि लहान मूल असेल तर इलाज नसतो. नाशिकच्या पावसाला मधेमधे उघडीप असते.

तेव्हा स्पिन १००० किंवा १२००वर ठेवा, नाजूक साड्या आणि लोकरीचे कपडे वगळून. हॉलमध्ये दोरीने वरखाली होणारा छताचा हँगर लावून घ्या आणि पावसाळ्यात धुणं सकाळी न लावता संध्याकाळी लावा, म्हणजे घरची माणसं बसलेली असताना जो पंखा चालणारच आहे त्याच्याच वाऱ्यावर कपडे वाळतील. दोन कपड्यांमधे चार बोटं अंतर, पँट कमरेकडून उलटी, जाड कपडे कडेला आणि पातळ मधे. एसी लावलेल्या खोलीत मात्र वाळत घालू नका. कपड्यांतली ओल काढायचं कामही मग एसीच करतो आणि ते बिलात दिसतं. नातवाचा शाळेचा गणवेश सकाळी दमट राहिला तर तेवढ्याला इस्त्री फिरवा, एका गणवेशाने काही बिघडत नाही.

एवढं करूनही ऑगस्टमध्ये घरात कुबट वास राहिला, तर मुलाला हीट पंपचा, म्हणजे तीच उष्णता पुन्हा पुन्हा वापरणारा, ड्रायर बघायला सांगा. तो साध्याच्या निम्म्याच्या आसपास वीज घेतो, किंमत मात्र बरीच जास्त. दुकानात जाताना तुम्ही बरोबर जा आणि एका धुण्याला किती युनिट लागतात ते लेखी विचारा.